चव सांगायचं काम

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी नोकरी होती म्हणून, मग मुलीचं लग्न व्हायचं होतं म्हणून, आणि निवृत्त झाल्यावर आता कशाला उकरून काढायचं म्हणून. आता सत्तरी ओलांडली आहे आणि कारणं संपली आहेत. लिहिताना फार काही वाटतंय असंही नाही. हात चालतोय, म्हणून लिहितो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या मित्राचा रोह्याहून फोन आला. आम्ही दोघं धाटावच्या एका केमिकल कंपनीत एकाच प्लांटवर ऑपरेटर होतो. तो रोह्याचा, मी पेणजवळच्या हमरापूरचा.

"आमच्या गल्लीत सँडविचचं हाटेल उघडलंय," तो म्हणाला. "नात रोज तिथंच पडलेली असते. येतोस काय? बघू तरी पोरं काय खातात ती."

"तुला काय कळणार त्यातलं?"

"म्हणून तर तुला बोलावतोय. तू खायाचं आणि मला सांगायचं."

थट्टा होती, पण खरंही होतं. माझ्या मित्राला वास येत नव्हता. तीसेक वर्षांपूर्वी प्लांटवर ॲसिडची वाफ नाकात गेली, आणि वासाबरोबर चवही गेली. गोड, खारट, तिखट एवढं जिभेला कळायचं. आंबा आणि पपई त्याला सारखेच. तेव्हापासून एकत्र डबा उघडला की चव सांगायचं काम माझ्याकडे. बायकोनं बोंबील दिले असले की म्हणायचा, "सांग, कसे झालेत." मी सांगायचो. घरी जाऊन तेच शब्द तो बायकोला ऐकवायचा. ती खूश व्हायची.

ती वाफ कशी आली, ते आता लिहितो.

प्लांटवर दर तासाला लॉगबुकात नोंद करावी लागे. तापमान किती, दाब किती, कुठला व्हॉल्व्ह उघडा, कुठला बंद. पहिली शिफ्ट तीनला सुटायची आणि पेणकडची कंपनीची बस तीन वाजून दहा मिनिटांनी. म्हणून तीनची नोंद आम्ही सगळेच दोनला लिहून ठेवायचो. साहेबांनाही ठाऊक होतं, कोणी काही म्हणत नसे.

गणपतीला आठवडा राहिला होता. आमच्या घरी मूर्तींचा कारखाना, आणि डोळ्यांची आखणी माझ्याकडे. आठ दिवस नीट झोप नव्हती. संध्याकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो येणार होता आणि बऱ्याच मूर्तींचे डोळे बाकी होते. अडीचच्या सुमारास ॲसिडची लाइन तुंबल्यासारखी वाटली, म्हणून मी तिचा ड्रेन उघडला. ड्रेन म्हणजे पाइपात उरलेलं खाली काढून टाकायचा छोटा व्हॉल्व्ह. बादलीत थेंब थेंब पडत होतं. पाच मिनिटांनी बंद करू, असं म्हणून मी दुसऱ्या कामाला लागलो. तीन वाजता हात धुवत होतो तेव्हा बसचा हॉर्न ऐकू आला. दारातच मित्र भेटला. माझ्या जागी तोच येणार होता.

"काय हाय?" त्यानं विचारलं.

"काय नाय. सगळं ठीक," मी म्हणालो आणि धावलो.

लॉगबुकात तीनच्या रकान्यात माझ्या अक्षरात आधीच लिहिलेलं होतं, ड्रेन बंद.

त्यानं पंप लावला. ॲसिड ड्रेनमधून उडालं. तो पळाला नाही. वाफेत शिरून त्यानं हातानं ड्रेन बंद केला आणि मग बाहेर येऊन पडला. त्यामुळे बाकीचे धावत आले तेव्हा ड्रेन बंदच होता.

चौकशीत त्यानं सांगितलं की ड्रेन उघडा होता. साहेबांनी लॉगबुक काढलं. मला विचारलं, तुम्ही ड्रेन बंद करून गेला होतात का? मी म्हणालो, "नोंद आहे ना, साहेब." एवढंच. खोटं बोललो असंही म्हणता येणार नाही. नोंद होतीच.

निष्कर्ष निघाला की पंप लावण्याआधी त्यानंच ड्रेन उघडला. त्याला प्लांटवरून काढून गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला बसवलं. निवृत्त होईपर्यंत तो तिथंच होता. शिफ्ट इनचार्जची जागा पाळीनं त्याची होती, ती मला मिळाली. चौकशीच्या दिवशीही घरी जाऊन मी आखणीला बसलो. एकही रेघ हलली नाही. मला ते अजून आठवतं, कारण मी हाताकडे पाहत होतो.

तर फोन आला तेव्हा मी ठरवलं की जायचं आणि सांगून टाकायचं. सकाळच्या गाडीनं रोह्याला गेलो. तो स्टेशनवर आला होता. चालत निघालो.

एका इमारतीच्या तळमजल्यावर गाळा होता. चार टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर खडूनं लिहिलेली यादी. तिशीतली एक बाई एकटीच सगळं करत होती. लांब दांड्याच्या साच्यात ब्रेड दाबून तो शेगडीवर उलटसुलट करत होती. तिचा नवरा धाटावला शिफ्टला असतो, असं मित्रानं सांगितलं. धाटावचेच दोघेजण गणवेशात पार्सलसाठी उभे होते.

"काका, काय देऊ?"

"सगळ्यात कुरकुरीत काय हाय, गो बाय?" मित्र म्हणाला. "मला आवाज आला पायजे."

"मसाला टोस्ट घ्या. पण चटणी तिखट आहे हां."

"मला फिनेल लावून दिलंस तरी चालंल. ह्याला विचार."

ती हसली. तिला काय कळलं असेल, कोण जाणे. मीही हसलो.

सँडविच आलं. सहा तुकडे, वर शेव, बाजूला सॉस. मित्रानं एक तुकडा चावला, कुरकुर ऐकली, मान हलवली.

"बोल."

"बटाट्यात बडीशेप हाय. चटणीत कोथिंबीर जास्त, पुदिना कमी. आणि बीट."

"बीट कसं लागतं? विसरलो मी."

"मातीसारखं. थोडं गोड."

"मग लोक खातात कशाला?"

तो खात राहिला. मी वाक्य जुळवत होतो. दुसरा तुकडा उचलून त्यानं परत ठेवला.

"तुला एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "हसू नको. चौकशीत मी बोललो, ड्रेन उघडा मिळाला. म्हणजे तूच उघडा टाकलास, असंच झालं ना ते? माझ्यापायी तुला साहेबापुढं उभं राहावं लागलं. इतकी वर्षं मनात हाय. लय विचार केला रे मी. मीच उघडला असंन, पंप लावायच्या आधी. सवयीनं. मला आठवत नाय, पण तसंच असंल. तू असं काय करणार नाय. माफ कर मला."

आता बोलायला हवं होतं. यापेक्षा सोपी वेळ कोणाला मिळत नाही. मी टेबलावर सांडलेल्या शेवेकडे पाहत होतो. छातीत धडधडलं नाही, घाम आला नाही, काहीच झालं नाही.

"खा," मी म्हणालो. "गार होतंय."

"तू काय बोलशील की नाय?"

"जुनं झालं ते."

"मग राग नाय ना?"

"नाय."

त्यानं मोठा श्वास सोडला आणि तुकडा उचलला. बाईनं विचारलं, "काका, कसं झालंय?" तर म्हणाला, "बटाट्यात बडीशेप घातलीस ना? चटणीत पुदिना थोडा वाढव."

"बरोबर ओळखलंत!" ती म्हणाली. "काकांची जीभ भारी आहे हां."

त्यानं माझ्याकडे बघून डोळा मारला. नातीसाठी एक पार्सल घेतलं. स्टेशनवर माझ्याबरोबर गाडी येईपर्यंत थांबला. वीस मिनिटं तरी आम्ही बाकावर होतो. गुडघे, सून, कंपनीतले कोण कोण गेले, असं बोललो. मी गाडीत बसलो. तो हात हलवून वळला.

होळीच्या आधी तो गेला. हार्ट अटॅक. मी तिसऱ्या दिवशी घरी भेटायला गेलो. त्याची बायको मला पाहून उठून बसली.

"भावजी, ह्यांनी तुमची माफी मागितली ना?" ती म्हणाली. "त्या दिवशी सँडविच खाऊन आले आणि म्हणाले, त्याला राग नाय. तवापासून झोप चांगली लागायची बघा त्यांना."

मी मान हलवली. त्यांच्या घरात ही गोष्ट अशीच झाली आहे, की चूक त्याची होती आणि मी मोठ्या मनानं माफ केलं. तिला तिथं काही सांगणं मला जमलं नाही. चहा आला, तो घेतला. नात शेजारी बसली होती. निघालो.

हा कागद मी त्याच्या बायकोला पाठवणार आहे. तिनं तो वाचून काय करायचं ते करावं. पण यातलं शेवटचं तिच्यासाठी नाही. ते त्याच्यासाठी होतं. त्या टेबलावर जुळवलं होतं, स्टेशनच्या बाकावर वीस मिनिटं तोंडात होतं, आणि एवढंच होतं: ड्रेन मी उघडा टाकला. तू नाय. तुझं नाक गेलं, तुझी जागा गेली, ती माझ्यामुळे. मला माफ कर.