बाराच्या आतली भाकरी

आमच्या आईने कधी कुणाचं उष्टं खाल्लं नाही. आमचंसुद्धा नाही. चाळीतल्या बाकीच्या आया पोरांच्या ताटात उरलेला भात पटकन तोंडात टाकायच्या. आमची आई तो कावळ्याला ठेवायची आणि वर आम्हालाच झापायची, "जात न्हाई तर वाढून कशाला घेता?" यामागचं कारण मला बरंच उशिरा कळलं. गावाकडे तिची आजी टोपलं घेऊन वरच्या आळीत दारोदार भाकरी मागत फिरायची. लोक शिळं-उष्टं वरूनच टाकायचे, हात लागायला नको म्हणून. घर बौद्ध झालं त्या दिवशी आईच्या वडिलांनी ते टोपलं चुलीत घातलं. मागायचं नाही, उष्टं खायचं नाही. आईने हे विक्रोळीत येऊनही पाळलं.

अशा बाईच्या घरी आर्याजी आल्या. भिक्खुणीला आमच्यात आर्याजी म्हणतात. या श्रीलंकेच्या, आमच्या विहारात पोरांना धम्म शिकवायला दोन वर्षांसाठी आलेल्या. वयाने माझ्याएवढ्या, गुळगुळीत डोकं, विटकरी चीवर, आणि हसणं असं की कुणाचाही राग उतरावा. हिंदी मात्र त्यांची मोडकीतोडकी. पण मुंबईत कोणाची धड असते?

आईने हौसेने त्यांना संध्याकाळी जेवायला बोलावलं. पिठलं, ज्वारीच्या भाकऱ्या, ठेचा, वर शेवयांची खीर. आर्याजी आल्या, बसल्या, गप्पा मारल्या आणि ताट पुढे येताच त्यांनी हात जोडले. म्हणाल्या, "सिर्फ गरम पानी, अम्मा."

आईचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. ती आत गेली आणि भांडी आपटायला लागली. मी मागे गेले तर म्हणाली, "माझ्या हातचं चालत न्हाई तिला. गावातबी वरच्या आळीतले असंच हात जोडायचे." मी म्हटलं, अगं, काहीतरीच काय! पण खरं सांगते, माझ्याही मनात तेच आलं होतं.

दुसऱ्या दिवशी विहारातल्या काकांनी आईला समजावलं, "वहिनी, दुपारी बारानंतर त्या घासभरसुद्धा घेत नाहीत. नियम आहे." "मग आधी सांगायचं ना!" आईने त्यांनाच फैलावर घेतलं. जीव मात्र भांड्यात पडला होता.

पण ते समाधान दोनच दिवस टिकलं. तिसऱ्या सकाळी दार उघडलं तर आर्याजी भिक्षापात्र हातात धरून, नजर खाली घालून, गप्प उभ्या. आई बघतच राहिली. मग जी भडकली! "आमचा बाप मागणं सोडून बौद्ध झाला, आन् ही बौद्ध होऊन मागती?"

चाळीची दारं उघडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कसंबसं हिंदीत सांगितलं, टोपल्याचं, वरून टाकण्याचं, सगळं. आर्याजींनी ऐकून घेतलं. त्यांचे डोळे भरले. म्हणाल्या, "मैं मांगती नहीं, अम्मा. खडी रहती हूं. कोई ऊपर से फेंके तो मुझे चलता नहीं. पास आके, हाथ से देना पडता है. आप नहीं देंगी तो चली जाऊंगी."

आईने पदराला हात पुसले. मग आत गेली, तव्यावरची भाकरी आणली आणि दोन्ही हातांनी पात्रात ठेवली. आर्याजींच्या बोटांना तिची बोटं लागली. त्या दिवशी आईचं कामात लक्ष नव्हतं.

तेव्हापासून रोज सकाळी आमच्याकडे पहिली भाकरी आर्याजींची. आई त्यांना सरळ "पोरी" म्हणायची. काका टोकायचे, आई ऐकायची नाही. आता चाळीच्या जागी टॉवर झालाय, आई नाही, आर्याजी त्यांच्या देशात. सकाळी कुणाच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज आला की मला दोघींची फार, फार आठवण येते.

आर्याजी परत जाणार त्या दिवशी आईने पहाटेच मेथीची भाजी-भाकरी करून ठेवली आणि त्यांच्यासाठी शाल आणायला घाटकोपरला गेली. "आल्यावर माझ्या हातानं वाढते, तू मधी पडू नको," मला बजावून. आर्याजी आल्या, आईची वाट बघत बसल्या. साडेअकरा झाले. मी आईला फोन लावला तर तो घरातच वाजला. शेवटी बाराला थोडा वेळ उरला तेव्हा मीच पात्रात वाढलं. त्या दाराकडे बघत बघत जेवल्या.

आई आली तेव्हा बारा वाजून गेले होते. "मेलं ते ट्रॅफिक!" म्हणत तिने शाल पलंगावर टाकली आणि मटकन खाली बसली. "उपाशी गेली का गं पोर?"

आर्याजींनी पात्र तिच्यापुढे सरकवलं. आत मोडलेली अर्धी भाकरी आणि थोडी भाजी होती. "आधा आपका, अम्मा. साथ में खाना था."

मी मनात म्हटलं, वाट लागली. आता ही उठणार आणि हे कावळ्याला ठेवणार, आणि त्या बिचारीला आयुष्यभर कळणार नाही की तिचं काय चुकलं.

आईने पात्राकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. उठली, मोरीत जाऊन हात धुतले, पुन्हा येऊन बसली. भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात घातला. तिने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, पात्र बोटाने पुसून घेतलं.

"मीठच घातलं न्हाई गं मी भाजीत," ती म्हणाली. "तशीच खाल्लीस व्हय, पोरी?"