गिरजेचं विरजण

धसईच्या बाजारात गिरजेचं दही पळसाच्या पानावर मिळायचं. पान उलटं धरलं तरी ते खाली पडत नसे. वीस वर्षं हे नाव तिचं एकटीचं होतं. मग धाकटी जाऊ सकुबाई वेगळी झाली. वेगळी चूल मांडणाऱ्या सुनेला तांदूळ, मीठ आणि वाटीभर विरजण द्यायचं, ही घरची रीत. रीत गिरजेनं पाळली, पण वाटी देताना तिचा हात आखडला होता.

वर्षभरात बाजारातली माणसं म्हणू लागली, "धाकलीचं दही जरा गोडच हाय, नाय?"

त्या दिवसापासून गिरजेला स्वतःचं दही आंबट लागू लागलं.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात स्नेहल नावाची कॉलेजातली मुलगी मुरबाडहून आली. गावठी दह्यातले जंतू तिला तपासायचे होते. चांगलेही जंतू असतात, असं ती सांगत होती; पण 'जंतू' म्हटल्यावर पुढचं गिरजेच्या कानात शिरलंच नाही.

"आमच्यात नाय जंतू," ती ताडकन म्हणाली. मग आवाज उतरवून, "पल्याड बघा. सकू मडकं कवा घासतच नाय."

खरं तर घासत कोणीच नव्हतं. मडकं नुसतं विसळायचं, हीच दह्याची पद्धत. पण स्नेहल परवा दह्याचा नमुना न्यायला येणार म्हणून गिरजेनं जुनं दही म्हशीच्या घमेल्यात ओतलं, मडकं सोड्यानं खसाखसा घासलं, त्यात उकळतं पाणी फिरवलं. दूध तीनदा उतू जाईतो तापवलं आणि राखून ठेवलेलं पळीभर विरजण त्या कढत दुधातच सोडलं. असलाच जंतू तर मरू दे! सगळे सकूच्या मडक्यात सापडू देत!

सकाळी मडक्यात दूधच होतं. गिरजेनं घाईनं त्यात लिंबू पिळलं आणि त्या गुठळ्या स्नेहलच्या बाटलीत भरल्या.

घरात विरजणाचा थेंब उरला नव्हता; पंधरा दिवस गिरजा बाजाराला गेली नाही. "म्हस आटलीय," म्हणाली. म्हैस गोठ्यात भरल्या कासेनं रेकत होती.

मग स्नेहल पुन्हा आली, ती थेट सकूच्या ओटीवर. गिरजा दोन घरांमधल्या कुडाला कान लावून उभी राहिली.

"मावशी, तुमच्या दह्यात पोटाला चांगले असे किती जंतू निघाले! जिवंत, माळेसारखे. विरजण कुठलं?"

"जाऊबायचं."

"त्यांच्या बाटलीत तर काहीच जगलं नव्हतं."

कुडापलीकडं सकू हसली. फार मोठ्यानं नव्हे, पण गिरजेला ते आख्ख्या धसईला ऐकू गेल्यासारखं वाटलं.

दिवा लागल्यावर विरजण कोणी देत नाही, म्हणून उन्हं कलायच्या आत गिरजा वाटी घेऊन गेली. उंबऱ्यापाशी पाय अडले, तरी गेली.

"घासून आणली काय गो वाटी?" सकूनं विचारलं.

"भर मुकाट्यानं. माझंच हाय ते."

"तुमचंच, बाय. म्हून तर नीट जपलं."

सकूनं वाटी काठोकाठ भरली, तेही गिरजेला सोसलं नाही. घरी येऊन तिनं बोट बुडवून चाखलं. गोड होतं. जरा जास्तच.

दूध कोमट झाल्यावर तिनं ते विरजण त्यात ढवळलं, मडक्यावर झाकण ठेवलं आणि त्यावर हात दाबून म्हणाली, "फिरून आलंस तेवढं पुरं. आता माझ्या चवीवर ये."