वाटीएवढी कोरफड

पिंगळी स्टेशनात सटवाजी सांधेवाला होता. गाडी यायच्या आधी रूळ फिरवायचा, सांधा नीट बसला का ते वाकून बघायचा, दहा पावलं चालून गेला की पुन्हा मागं फिरून बघायचा. चूक झालीच तर गाडी रुळावरून उतरेल, ही धास्ती त्याच्या पोटात कायम.

त्या वर्षी पौषात मुआयना ठरला होता. वरचे साहेब येऊन स्टेशन तपासणार, बाग बघणार. मास्तर दिनकररावांनी सिकंदराबादेहून एक कुंडी आणली. त्यात वाटीएवढी शोभेची कोरफड, हिरव्या पानांवर पांढरे ठिपके, कडेला बारीक दात. भाचीच्या लग्नाला जाताना ते म्हणाले, "सटवाजी, कुंडीकडं बघत जा. मुआयन्याला दारात हीच ठेवायचीय."

सटवाजीनं बघायचं म्हणजे पाणी घालायचं असं धरलं. सकाळी तांब्याभर, संध्याकाळी तांब्याभर. माती ओली दिसली तरी त्याला वाटायचं, खाली कोरडी असेल. दहाव्या दिवशी खालची पानं पिवळी पडली, बोट लावलं तर पिचकली. त्यानं आणखी तांब्याभर पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं कुंडी टॉवेलाखाली झाकून घरी आणली. बायको धुरपताबाईनं रोप हळूच उपटलं. मुळं काळी पडून चिखलागत झाली होती, वास यायला लागला होता.

"लय पाणी घातलंय तुमी. सारी कुजली."

"आता गं? नोकरी जाईल माझी."

"आमच्या माहेरी, झरीला, दारावर उलटी टांगलेली कोरफड वरीसभर हिरवी ऱ्हाती. तिला पाणी कोण घालतं?" तिनं विळी घेतली आणि कुजलेला भाग कापला. पांढराशुभ्र गाभा लागेपर्यंत कापतच गेली. शेवटी मुठीत मावेल एवढा शेंडा उरला. "हे सावलीत वाळू द्या. मग रेतीत बसवू. तवर हात लावायचा न्हाई."

सटवाजीनं तो शेंडा स्टेशनातल्या दिव्याच्या खोलीत कौलाच्या तुकड्यावर ठेवला. पुढचे चार दिवस गाडी गेली की तो खोलीत डोकावायचा. शेंडा सुकून आकसायला लागला होता. हे मेलंच, असं त्याला रोज वाटायचं.

मास्तर परतले. पिशवी खाली ठेवायच्या आधीच सटवाजी पुढं झाला. "साहेब, झाड मी मारलं. पाणी जास्त झालं."

सटवाजीनं दाखवलेला कौलावरचा शेंडा मास्तरांनी पाहिला. "मुआयन्याला रिकामी कुंडी ठेवू?" एवढंच बोलून ते आत गेले. त्यानंतर आठ दिवस कामापुरतंही नीट बोलले नाहीत. सटवाजीला जेवण जाईना. दरम्यान धुरपताबाईनं त्याच कुंडीत नदीची जाड रेती भरून शेंडा बसवला होता आणि कुंडी स्टेशनात परत आली होती.

मुआयना झाला. साहेबांनी सांधे तपासले, दिवे तपासले, झेंडूचे ताटवे पाहिले आणि पुढच्या स्टेशनाला गेले. कुंडीचं नावही कुणी काढलं नाही. तरी सटवाजीची धास्ती गेली नाही. मास्तरांच्या मनात काय आहे, ते कळत नव्हतं.

महिनाभरानं मास्तरांनीच त्याला हाक मारली. ते कुंडीपाशी उकिडवे बसले होते. बोटाच्या टोकानं त्यांनी शेंडा हलवून बघितला. तो हलला नाही, रेतीला धरून बसला.

"मुळं फुटली रे. कुणी केलं हे?"

"आमच्या घरातनं."

"त्यांना सांग, पाणी कधी घालायचं ते आता त्याच ठरवतील. तू नाही." मास्तर हसले. महिन्याभरात पहिल्यांदा.

त्या संध्याकाळी सटवाजी दोन भाकरी जेवला आणि तिसरी मागितली.