काटा लाल रेषेकडे जात असताना

रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून वाफ सोडत उभी असलेली गाडी दिसली की आजही माझं पाऊल अडतं. नोकरी संपली, पण ते एक प्रकरण मनातून जात नाही. कुणाचं नाव न घेता लिहिते आहे.

मी पोलीस शिपाई म्हणून भरती झाले आणि सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झाले. आवाज चढवणं मला कधी जमलं नाही. चौकशीत दरडावायचं काम आमचे हवालदार करायचे, मी बाजूला खुर्ची ओढून गप्प बसायचे. गप्प बसलं की समोरचा माणूस नीट दिसतो.

मुलुंडच्या एका सोसायटीतून जुनी स्पोर्ट्स कार चोरीला गेली. दोन दारांची, बुटकी, लाल रंगाची. फिर्यादी केटरिंगचा धंदा करणारे गृहस्थ. गाडी त्यांच्या वडिलांची. "मॅडम, मला विम्याचे पैसे नकोत, तीच गाडी हवी," ते म्हणाले. "बाबांनी तिच्यातला एक स्क्रूसुद्धा बदलू दिला नव्हता."

दार फोडलेलं नव्हतं, जागेवर काच पडलेली नव्हती. म्हणजे चावी कुणाकडे तरी होती. पार्किंगचा कॅमेरा बंद होता आणि वॉचमनने काहीच पाहिलेलं नव्हतं.

संशय घाटकोपरच्या एका मेकॅनिकवर गेला. तो बरीच वर्षं हीच गाडी सांभाळत होता. काही महिन्यांपूर्वी अंधेरीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी उकळून बंद पडली, मालकाने त्याला चारचौघांत सुनावलं आणि गाडी दुसऱ्या गॅरेजला दिली. आम्ही त्याला बोलावलं. माणूस तोंडाचा फटकळ.

"त्या दिवसापासून हात नाही लावला तिला. बघितलीपण नाही."

"मग कुणी नेली?" हवालदारांनी विचारलं.

"मला काय विचारता? मी काय तिचा बाप आहे? फुकटची माझी वाट लावू नका, साहेब."

पुरावा नव्हता. सोडावं लागलं.

मग भांडुपहून खबर आली. आमच्या ओळखीचा एक चहावाला तिथल्या औद्योगिक गाळ्यांत चहा पोचवायचा. त्याने फोनवर सांगितलं, "मॅडम, एका गाळ्यात ताडपत्रीखाली बुटकी गाडी उभी आहे. दुपारी कोणीतरी चालू करतं. आतून पंखा असा घोंघावतो की बोललेलं ऐकू येत नाही."

आम्ही छापा घातला. गाडी मिळाली, माणूस मिळाला नाही. गाळा चार-पाच मेकॅनिक मिळून वापरायचे आणि चावी बाहेर खिळ्यावर टांगलेली असायची. गाडी पुसून स्वच्छ ठेवलेली, ठशांचा उपयोग नव्हता. शेजारच्या गाळेवाल्याला विचारलं तर म्हणाला, "धंद्यातल्या माणसाचं नाव आम्ही घेत नाही, मॅडम. आम्हाला इथेच राहायचंय."

गाडी ओळखण्यासाठी फिर्यादीला पोलीस ठाण्यात बोलावलं. मेकॅनिकलाही पुन्हा बोलावलं होतं, पण जबाब घेऊन त्याला घरी पाठवायचंच ठरलं होतं. तो व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता, गाडी समोर आवारात उभी. तो सगळीकडे बघत होता, फक्त गाडीकडे नाही. ओळखीच्या गाडीकडे न बघणारा मेकॅनिक मी पहिल्यांदाच पाहत होते.

फिर्यादींनी गाडी ओळखली, चालू करून पाहिली आणि इंजिन तसंच चालू ठेवून पंचनाम्यावर सही करायला आत आले. तेवढ्यात त्यांना फोन आला. ते बोलत राहिले.

बाहेर बाकावरच्या माणसाचा पाय हलायला लागला. तो उठला, माठातलं पाणी प्यायला, परत बसला. पुन्हा उठला.

"शेठ कुठे गेले?"

"बस रे," हवालदार म्हणाले. "तुझी वरात खोळंबलीये काय?"

"गाडी चालू आहे ना, साहेब."

"तुझी आहे का?"

"नाही."

तो बसला. तळहात पँटवर घासत राहिला. मी खिडकीतून बघत होते. त्याचा जीव कासावीस होतोय हे दिसत होतं, कारण कळत नव्हतं. बॉनेटच्या फटीतून वाफेची बारीक रेघ निघाली आणि तो धावला. मीही त्याच्या मागे बाहेर आले. "अरे, इंजिन जाईल तिचं!" म्हणत त्याने दार उघडलं, हात सरळ डॅशबोर्डखाली घातला आणि न बघता एक बटण दाबलं. आतून पंखे घोंघावायला लागले. लाल रेषेला टेकलेला तापमानाचा काटा हळूहळू खाली आला.

फिर्यादी फोन हातात धरून दारात उभे होते. "हे बटण कसलं? माझ्या गाडीत असं बटणच नव्हतं."

मेकॅनिकने हात बाहेर काढला आणि माझ्याकडे पाहिलं. आपण काय केलं ते त्याला कळलं होतं.

आत नेऊन मी एवढंच विचारलं, "हे कधी बसवलं?"

मग त्याला थांबवणं कठीण झालं. जुना पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा. गाडी ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की इंजिन मंद, पंखाही मंद, आणि पाणी उकळायचं. दोनदा इंजिन उघडावं लागलं होतं. मोठा रेडिएटर आणि विजेवर चालणारे पंखे लावा, असं तो वर्षानुवर्षं मालकाच्या मागे लागला होता. मालकाचं एकच उत्तर, बाबांनी ठेवली तशीच राहील. शेवटी सर्व्हिसिंगच्या वेळी करून घेतलेल्या डुप्लिकेट चावीने त्याने गाडी नेली आणि काम केलं. पंखे आपोआप सुरू करणारा सेन्सर यायचा होता, म्हणून तात्पुरतं बटण लावलं. "झालं की उभी करणार होतो परत तिच्या जागेवर."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण आरोपीने स्वतः काढून दिलेली वस्तू चालते. पंचांसमोर त्याने त्याच गाळ्याच्या माळ्यावरून जुना रेडिएटर आणि पंखा काढून दिला, नीट कापडात गुंडाळलेला. अटक झाली. त्याची बायको डबा घेऊन आली. मला म्हणाली, "घरातला पंखा वर्षभर बंद आहे, मॅडम. आणि हे शहाणे दुसऱ्याच्या गाडीला दोन-दोन लावत बसलेत!" म्हणाली आणि रडायला लागली.

फिर्यादी वाईट माणूस नव्हते. कोर्टात तडजोडीला तयार झाले. अट एकच, बाबांचा पंखा त्याने स्वतःच्या हाताने पुन्हा बसवून द्यायचा. कोर्टाच्या पायऱ्यांवर बायको त्याला म्हणाली, "बसवा ना हो. तुमचं काय जातंय?"

"परत उकळेल ती."

"उकळू दे!"

"मी नाही बसवणार."

तडजोड फिसकटली. त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. पहिलाच गुन्हा, म्हणून चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटला. पण चोर ठरलेल्याला गाडी कोण देणार? गॅरेज बंद पडलं. कांदिवलीत दुसऱ्याच्या हाताखाली लागला असं ऐकलं. जुना पंखा मालकाने दुसरीकडून बसवून घेतला.

माणूस खोटं बोलताना चुकतो आणि सापडतो, असं आम्हाला शिकवलं होतं. हा खोटं बोलण्यात चुकलाच नव्हता. त्याला जे डोळ्यांसमोर बघवेना, तिथे तो सापडला. पुढे प्रत्येक चौकशीत मी तेच शोधत राहिले आणि त्याचा मला उपयोगही झाला.

दुसऱ्याच्या वस्तूवर जीव लावला म्हणून ती आपली होत नाही, हे मी त्याला अटकेच्या दिवशी ऐकवलं होतं. तो म्हणाला, "आपली कुठे म्हणतोय, मॅडम? नीट चालू दे, एवढंच." त्याला कलम कुठलं लावायचं ते मला ठाऊक होतं, आणि मी ते लावलं. बरोबरच केलं. मन मात्र अजून जागेवर बसत नाही.