ओटीतला नारळ
काल फोडलेला नारळ खवट निघाला आणि त्या वासासरशी मांजर्लीतल्या आमच्या घरची एक संध्याकाळ आठवली. आजच्या जपानचा समाज आणि राजकारण शिकायला, एमएसाठी, तिथल्या विद्यापीठात मी आणि मैत्रीण दोघींनी अर्ज केले होते. निवड तिची झाली. माझ्या आईने हौसेने तिची ओटी भरली. निघताना मैत्रिणीने फाटकाशी त्यातला नारळ माझ्या हातात ठेवला. "विमानात नेऊ देत नाहीत गं, तूच खा. आणि तिथल्या ओस पडलेल्या गावांतल्या निवडणुकांचं तुझ्या अर्जातलं ते सगळं मला सांग हं, मी प्रबंध त्यावरच करणार आहे." मी हसून हो म्हटलं. घरात येऊन नारळ फोडला आणि आईला सांगितलं, खवट निघाला, टाकून दिला. काल आई म्हणाली, "तिच्या ओटीतलाही असाच निघाला होता." मी मान हलवली. तो फार गोड होता.