गुलाब छाटणाऱ्या यमुनाकाकी

यमुनाकाकी आल्या की आधी माणसांशी बोलत नसत. कुंडीवर बोटाच्या पेराने टकटक करत, कान लावत आणि मग माझ्याकडे वळून म्हणत, "काल पानी घातलंस ना? नाय म्हनू नको, कुंडी सांगते." मातीची कुंडी कोरडी असली की खणखणीत वाजते, ओली असली की बद्द, हे मला त्यांनीच शिकवलं.

विमानतळ होणार होणार म्हणत होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. काकींची विचुंब्याची भातशेती इमारतींखाली गेली होती. घरी बसवेना म्हणून त्या नवीन पनवेलला आमच्या सोसायटीतल्या कुंड्या बघायला येत. "खाचरात चालायचा हात, आता डब्यात घालून बसलाय," असं कुरकुरत माती मात्र मायेने मोकळी करत.

आई गेली त्या पावसाळ्यानंतर माझ्याकडे तिचा गुलाब तेवढा उरला होता. पाऊस उघडला, ऑक्टोबरचं ऊन तापलं. काकींनी बुंध्याची माती उकरून मुळं जरा उघडी केली आणि फर्मावलं, "आठ दिस पानी बंद. तान पडला का मंग छाटू." चार दिवसांत पानांनी माना टाकल्या. मला बघवेना. पाचव्या सकाळी त्या यायच्या आत मी गुपचूप तांब्याभर पाणी ओतलं. काकींनी टकटक केली आणि तिथेच फतकल मारून बसल्या.

"आयशीचा हाय म्हनून जीव तुटतंय तुझा, कळतं मना. पन असाच ठेवलास तर नुसता पाला येल."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून आठ दिवस मोजले. छाटणी झाली तेव्हा मी आत जाऊन बसले होते. मार्गशीर्षात झाड फुलांनी लगडलं. मी रडले, आणि काकींपासून ते लपवलंही नाही.

पुढे दरवर्षी त्याच छाटत. कात्री माझ्यापुढे धरत, मी मागे सरत असे. आईच्या झाडाला माझ्या हाताने काही होऊ नये, एवढीच भीती.

मग एका दसऱ्यानंतर त्या आल्याच नाहीत. मी झाडाला ताण देऊन ठेवला, वाट पाहिली, शेवटी विचुंब्याला गेले. काकी खाटेला खिळल्या होत्या. आवाज पार खोल गेला होता.

"गुलाब छाटला काय?"

"हो काकी," मी बिनदिक्कत खोटं बोलले.

"हात दाव."

मी हात पुढे केले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले. कुठे काटा लागल्याची खूण नव्हती.

"जा घरी," त्या म्हणाल्या. "मी आता यायची नाय."

घरी येऊन मी कात्री उचलली. फांदीवर बाहेर तोंड केलेला डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, त्याच्या जरा वर तिरका काप, त्या घेत तसाच. एक फांदी चुकलीच. मनगटापर्यंत ओरखडे उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हात घेऊन मी विचुंब्याला गेले. अंगणात माणसं जमली होती. काकींच्या सुनेने मला आत नेलं. काकींच्या उशाशी मी किती वेळ बसले, आठवत नाही. हात मांडीवर उघडेच ठेवले होते. काकींनी ते एकदा बघायला हवे होते.