नानाजींना रविवारी बाहेर काढा

किस्से कोणी मुद्दाम जमवत नसतं. जबलपूरच्या चेरीतालला आमच्या ओसरीला तीन सायकली टेकल्या, कोणी चहा मागितला, की ते आपोआप निघतात. एक सांगावा तर दुसरा म्हणतो, मी काय पाप केलं?

या सगळ्या किश्शांचं मूळ म्हणजे काकू, नानाजींच्या पत्नी. एकाहत्तरच्या लढाईचं वर्ष. फॅक्टरीत तोफेच्या गोळ्यांत बारूद भरायचं आमचं काम आणि नानाजी आमचे चार्जमन; त्यांच्या सहीशिवाय माल पुढे जात नसे. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रकाश फौजेत, बॉर्डरवर होता आणि बरेच दिवस त्याची काही खबर नव्हती. फॅक्टरीत नानाजी ठीक असत, पण सुट्टीच्या दिवशी रेडिओला कान लावून बसले की जेवायलाही उठत नसत.

एक दिवस काकूंनी मला आणि फॅक्टरीतल्या माझ्या जोडीदाराला, गुणवंताला बोलावलं. "यांना रविवारी बाहेर काढा रे. कुठंही न्या. पाय चालले तं डोकं थोडं थांबते."

झालं! जबलपूरच्या आसपास जे जे जुनं, पडकं, पुराणं असेल ते सायकलवरून बघायचं ठरलं.

*

पहिली स्वारी भेडाघाटला, चौसष्ट योगिनींच्या देवळात. पायऱ्या चढून वर पोचलो. दाराशी खाकी कोट घातलेला चौकीदार बसलेला. त्याला पाहताच आम्ही तिघं ओळीत उभे राहिलो आणि दोन्ही हात वर केले! गुणवंतानं तर डबाही उघडून धरला. फॅक्टरीच्या गेटवर रोज झडती द्यायची सवय, दुसरं काय?

चौकीदार घाबरून उठला. "अरे भैया, मैंने क्या किया? हाथ नीचे करो!"

नानाजी वैतागले. "झडती घ्या ना लवकर, काहून उभे राहिले?"

देवळात शिरल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पोट धरून हसले बिचारे. किती दिवसांनी!

*

मदनमहालच्या किल्ल्याखाली एक मोठा खडक दुसऱ्या खडकावर जेमतेम टेकलेला आहे. आता पडतो की मग पडतो असं वाटतं, पण पडत नाही. आम्ही त्याच्या सावलीत सतरंजी पसरली. नानाजी उन्हातच उभे.

"या ना नानाजी. इतकी वर्षं झाली, हलला नाही तो."

नानाजींनी खडकाला एक चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ना बोल्ट, ना वेल्डिंग. कोणी पास केला हा? मी सही नाही करत!"

जेवण उन्हात झालं.

*

तेवरला जुन्या मूर्ती बघायला गेलो, तेव्हा गुणवंताला तिथेच चुलीवरचं वांग्याचं भरीत खायची हुक्की आली. दगड मांडले, काटक्या गोळा केल्या, वांगी धुतली. आणि काडेपेटी?

फॅक्टरीत खिशात एक काडी सापडली तरी नोकरी जायची. आमच्यापैकी कोणाच्या खिशात ती कशी असणार? गुणवंत रस्त्यावर जाऊन उभा राहिला. एक बैलगाडीवाला थांबला. बोलता बोलता आम्ही कुठे कामाला आहोत ते त्यानं विचारून घेतलं.

"वाह! फौज का बारूद तुम भरते हो, और भटा भूनने को माचिस नहीं?"

काडेपेटी दिली, आणि भरीत खायला बसलाही!

*

काकूंच्या डब्याचं एक होतं. माणसं तिघं, पण डब्यात पोळ्या चौघांच्या. पहिल्यांदा मी बावळटासारखा म्हणालो, "काकू, जास्त झाल्या." काकू शांतपणे म्हणाल्या, "त्या प्रकाशच्या. राहू दे."

नानाजी त्या पोळ्यांकडे बघत नसत. मग गुणवंतच त्या खायचा, एकही न टाकता. एका रविवारी त्याला ताप होता, तोंडाला चव नव्हती, तरी खाल्ल्या. परत आल्यावर रिकामा डबा काकूंच्या हातात देऊन त्यानं पोटावरून हात फिरवला.

"काकू, तुमचा प्रकाश चांगलाच सुटला हो!"

काकू हसल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला आणि आत जाऊन त्याच्यासाठी काढा करून आणला. गुणवंताइतका वात्रट माणूस मी पाहिला नाही, आणि इतका चांगलाही नाही.

*

लढाई संपली. संक्रांत झाल्यावर एका सकाळी प्रकाश घरी आला. धडधाकट! चेरीतालभर पेढे वाटले. पण पोरगा बोलेचना. विचारलं तर "हो", "नाही". नानाजींना काही सुचेना. शेवटी म्हणाले, "चलो, याला घेऊन जाऊ."

बरेला गावाच्या पुढे नाल्याकाठी गोंड राणीची समाधी आहे. राणी लढता लढता तिथेच पडली. तिथं फूल नाही, नारळ नाही. जो येतो तो आसपासचा एक पांढरा गोटा उचलून वाहतो.

काकू नानाजींच्या कॅरियरवर, प्रकाश माझ्या. गेलो. प्रत्येकानं एक गोटा वाहिला. काकूंनी हात जोडून राणीचे आभार मानले. आम्ही निघालो तर प्रकाश मागेच. वाकून आणखी एक गोटा शोधत होता. बराच वेळ शोधून एक चांगला, स्वच्छ उचलला आणि आपल्या गोट्याशेजारी ठेवला.

"दुसरा काहून रे?" गुणवंतानं विचारलं.

"लढाईत समोर एक होता," प्रकाश म्हणाला. "माझ्याच वयाचा."

गोटा गोल होता, उतारावर घरंगळायला लागला. नानाजी परत फिरले. खाली बसले. त्यांनी तो उचलून जागेवर ठेवला आणि पुन्हा हलू नये म्हणून दोन्ही हातांनी त्याच्याभोवती माती दाबत राहिले.